बावीस घरांची शीव

कोसमघाटच्या ग्रामपंचायतीत शिपाई एकच होता, मुखरू नागापुरे. सकाळी नळाचा व्हॉल्व्ह सोडायचा तो, दुपारी नोटिसा वाटायचा तो, ग्रामसभेला सतरंजी अंथरायचा तो आणि भांडणं होऊन सभा मोडली की ती सतरंजी झटकून ठेवायचाही तोच. तीस वर्षांत सात सरपंच झाले. मुखरू होता तिथेच राहिला. सायकलच्या हँडलला भोंगा बांधलेला, मागे कॅरिअरला कागदांची पिशवी. कोणत्या घराचा नंबर किती, हे तो रजिस्टर न उघडता सांगायचा. नवे ग्रामसेवक आले की पहिला महिनाभर त्यालाच विचारून कामं करायचे आणि दुसऱ्या महिन्यापासून त्याच्यावरच ओरडायचे. त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

गाव वैनगंगेच्या काठी. उंचावर बाजार, शाळा, दवाखाना, पंचायतीचं ऑफिस. तिथून उतार उतरून नदीकडे आलं की नदीटोली. मुखरूचं घर टोलीतच. टोलीतले बहुतेक लोक ढिवर, मासोळ्या धरणारे आणि हंगामात धानाच्या रोवणीला जाणारे. इथे पूर्व-पश्चिम कोणी म्हणत नाही. नदी येते ती बाजू 'वरतं' आणि जाते ती 'खालतं'. टोलीच्या खालच्या अंगाला जंगलातून आलेला नाला नदीला मिळायचा, आणि तिथे टोली संपायची.

चार वर्षांमागच्या पुरात त्या नाल्याने जागा बदलली. तीन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा जुन्या पात्रात कमरेइतकी रेती बसलेली होती आणि नाला तीनशे पावलं खालतं नवी वाट फोडून वाहत होता. त्याच पुरात नदीच्या अगदी कडेची बावीस घरं बसली. ती माणसं मग जुन्या नाल्याच्या पलीकडे आणि नव्या नाल्याच्या अलीकडे जी पडीक सरकारी जागा होती, तिथे जाऊन राहिली. आधी ताडपत्र्या, मग कुडाच्या भिंती, मग घरकुलं. सोळा घरं ढिवरांची, सहा बौद्धांची. जुनी घरं एक्केचाळीस, नवी बावीस, मधे कोरड्या रेतीचा पट्टा. त्या पट्ट्यात पोरं क्रिकेट खेळतात, बाया वाळवण घालतात. तरी लोक त्याला नालाच म्हणतात.

त्या पट्ट्याच्या अलीकडच्या काठावर शिवेच्या देवाचा दगड आहे. शेंदूर लावलेला, गुडघ्याएवढा. दरवर्षी आखाडात, रोवणीला हात लावण्याआधी, टोलीत गावबांधणी होते. त्या दिवशी कोणी गावाबाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. पुजारी पोचू, त्याला सारे भुमक म्हणतात, पुढे चालतो. मागे सगळी टोली. चारी बाजूंनी शीव चालून रोगराई, साप, वाघ, सगळ्यांना बाहेर थांबायला सांगायचं. शेवटी या दगडापाशी नारळ फोडायचा आणि घराघरातून गोळा केलेल्या मूठ-मूठ तांदळाची खिचडी तिथेच रांधून सगळ्यांनी एका पंगतीत खायची. तांदूळ गोळा करायचं काम मुखरूचं. पंचायतीने सांगितलेलं नव्हे, त्याच्या बापाकडून आलेलं. टोपली घेऊन तो पहिल्या घरापासून निघायचा आणि रेतीच्या काठावर येऊन थांबायचा. पुराच्या आधी थांबायचा, पुरानंतरही थांबत राहिला. पलीकडच्या घरी टोपली गेली नाही. नेऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ने असंही कोणी म्हटलं नाही.

आता मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. कोसमघाटची नगरपंचायत होणार असं ठरलं आणि हद्द पाहायला मोजणीवाले साहेब आले. सोबत द्यायला मुखरू.

"टोलीची हद्द कुठपर्यंत?" साहेबांनी विचारलं.

"चाला जी, दाखवतो," मुखरू म्हणाला आणि चालायला लागला. गावबांधणीत चालतो त्याच वाटेने. वरतून निघाला, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, नदीकडे, नदीच्या काठाने खालतं, आणि दगडापाशी येऊन उभा राहिला. पायांना तेवढंच ठाऊक. साहेबांच्या हातातल्या जुन्या नकाशातही नाला तिथेच होता. त्यांनी मान डोलावली, नकाशावर रेघ मारली, पंचनाम्याचा कागद पुढे केला. मुखरूने सही केली. समोर, रेतीपलीकडे, अंगणवाडीतल्या सत्यशीलाबाईच्या अंगणात ओले कपडे वाळत होते.

उन्हाळा संपता संपता जाहीर सूचना आली. मुखरूने ती ऑफिसच्या फळ्यावर चिकटवली आणि सवयीप्रमाणे भोंग्यावरून वाचून दाखवायला आधी स्वतः वाचली. नगरपंचायतीत येणारे गट नंबर लिहिले होते. खाली एक ओळ: जुन्या नाल्यापलीकडची जमीन शेजारच्या वाघोडा ग्रामपंचायतीत. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

वाघोडा नव्या नाल्याच्या पार, पाच किलोमीटर. नाल्यावर पूल नाही. पावसाळ्यात दोन महिने तिकडे डोंग्याशिवाय, लहान होडीशिवाय, जाता येत नाही, आणि नदी चढली की डोंगाही कोणी घालत नाही. म्हणजे बावीस घरांचं रेशन नाल्यापार, दाखले नाल्यापार, मत नाल्यापार. टोलीतला नळ नगरपंचायतीचा होणार, तोही यांना मिळेल की नाही देव जाणे.

मुखरूने त्या दिवशी भोंगा लावला नाही. घरी आला, भाकर समोर तशीच.

"काऊन, तोंड पडलं?" रुखमाबाईने, त्याच्या बायकोने, विचारलं. "नवे साहेब ओरडले का?"

"मी दाखवली थी हद्द," मुखरू म्हणाला. "मोजणीवाल्याले. दगडापर्यंत."

रुखमाबाईने हातातलं डाळीचं वगराळं खाली ठेवलं. "आन् पलीकडचे लोक तुमाले दिसले नाई?"

मुखरूने भाकरीचं ताट बाजूला सारलं.

"चार वर्षं टोपली घेऊन तिथूनच वापस येता," ती म्हणाली. "मी मनात म्हणत होती, हा माणूस एक दिवस तरी पाय पुढे टाकंल. मले वाटलं, देवाचं आहे, आपण बाईमाणसानं कायले बोला."

"आता तरी बोल."

"आता काय बोलू? सांगा जाऊन लोकाईले, मी केलं म्हणून."

सांगणं मुखरूला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भोंग्यावरून सूचना वाचली, नंबर वाचले, आणि लोक चिडले ते मोजणीवाल्यावर. बाहेरून आलेला माणूस, त्याला काय कळते, असं सारे म्हणत होते. मुखरू ऐकत होता.

हरकतीचा अर्ज सत्यशीलाबाईने लिहिला. ती अंगणवाडी सेविका, पलीकडच्या सहा बौद्ध घरांपैकी एक घर तिचं. नवरा राजुऱ्याला कोळसा खाणीत कामाला, पंधरा दिवसांनी घरी येणारा. अक्षर वळणदार, बोलणं सरळ. त्रेसष्ट घरांच्या सह्या घ्यायला ती स्वतः फिरली, रेतीच्या या बाजूलाही. मुखरूने सही केली तेव्हा त्याचा हात जरा थांबला. तिला वाटलं, म्हातारा माणूस, चष्मा नसेल.

तहसीलमध्ये सुनावणी झाली. टोलीतले बारा-पंधरा जण गेले. साहेब म्हणजे बाई होत्या, चाळिशीच्या आतल्या, शांत. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. मग फाइल चाळली.

"तुमचं म्हणणं, टोली नव्या नाल्यापर्यंत आहे. पण इथे पंचनामा आहे. तुमच्याच ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने जागेवर फिरून हद्द दाखवली आणि सही केली. मुखरू नागापुरे. कोण?"

मुखरू उभा राहिला. मागच्या बाकावर कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"ही सही तुमची?"

"हो जी, माही."

"मग खरं कोणतं धरू? तेव्हाचं की आताचं?"

सत्यशीलाबाई त्याच्याकडे पाहत होती. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत होती.

"मी जागेवर येऊन बघते," बाई म्हणाल्या. "दोन आठवड्यांनी. घरं कागदावर आहेत, ती मला मोजायची नाहीत. हे एक गाव आहे का दोन, तेवढं मला बघायचंय."

परतताना ट्रॅक्स जीपमधून उतरल्यावर धनराज, पलीकडच्या सोळा घरांतला एक तरुण ढिवर, मुखरूच्या सायकलला आडवा आला.

"काका, तुमी आमच्या घराचे नंबरही पाठ म्हणता. मंग त्या दिवशी कुठी विसरले?"

सत्यशीलाबाईने त्याला बाजूला केलं. "राहू दे, धनराज." मग मुखरूला म्हणाली, "भाऊ, आमी देव मानत नाई. तुमची टोपली आमच्या दारी आली असती तरी आमी पूजेले काई दिलं नसतं. पण येत नाई, हे दर वर्षी दिसते. लेकरं विचारतात, आपलं घर गावात नाई का. सरकारनं काय नवीन केलं? तुमी जे चार वर्षं केलं, थे त्यानं कागदावर लिहिलं."

एवढं बोलून ती गेली. मुखरू सायकल हातात धरून उभा राहिला. त्याला वाटलं होतं, चूक त्या एका सकाळची. ती चार आखाडांची होती.

संध्याकाळी तो पोचूकडे गेला. पोचू ऐंशीच्या घरातला, डोळ्यांत फूल पडलेलं, पण कान शाबूत. अंगणात जाळं विणत बसला होता. मुखरूने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "यंदाची बांधणी नव्या नाल्यापर्यंत नेऊ जी."

"नाला सरकला म्हणून देव सरकत नाई," पोचू म्हणाला. हात थांबले नाहीत. "नाल्याचं काय, उद्या आणखी सरकंल. मी काय त्याच्या मागं दगड घेऊन फिरू?"

"लोक तं सरकले जी. आपलेच होत. तुमच्या साळ्याचं घर आहे तिकडे."

"साळ्याले म्या सांगतलं होतं, इकडे जागा पाहा म्हणून. ऐकलं नाई."

"इकडे जागा होती कुठी?"

पोचूने सुईतला धागा दाताने तोडला. "मुखरू, माह्या बापानं जिथी नारळ फोडला, तिथीच मी फोडतो. मले दुसरं येत नाई." यात हट्ट होता तसं भयही होतं. शीव उघडी राहिली आणि काही आजार घुसला, तर लोक त्याचंच नाव घेतील, हे त्याला ठाऊक होतं.

गावबांधणी चार दिवसांवर होती. मुखरूने घरी देवापुढे दिवा लावला आणि बराच वेळ बसून राहिला. काय मागायचं ते त्याला नीट कळत नव्हतं. मोठी बुद्धी त्याने कधी मागितली नव्हती. पाय चालायची तेवढी हिंमत दे, एवढंच तो म्हणाला.

बांधणीच्या दिवशी सकाळी तो टोपली घेऊन निघाला. एक्केचाळीस घरं झाली. कोणी बारीक तांदूळ दिला, कोणी जाडा, कोणी रेशनचा. रेतीच्या काठावर आला तेव्हा पाय आपोआप थांबले. मग त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि रेतीत उतरला. पलीकडे कमला नावाची म्हातारी दारात बसली होती, पोचूच्या साळ्याची बायको.

"काय गा मुखरू, रस्ता चुकला का?"

"नाई वहिनी. तांदूळ द्या."

म्हातारी उठली, आत गेली, आणि मुठीऐवजी पायलीभर घेऊन आली. "चार वर्षांचे आहेत," म्हणाली आणि टोपलीत ओतून मोकळी झाली.

सोळा घरं झाली. धनराजने तांदूळ टाकताना तोंड फिरवलं, पण टाकले. सत्यशीलाबाईच्या दारात मुखरूने टोपली खाली ठेवली.

"बाई, तुमाले पूजेसाठी नाई मागत. पंगत आहे. पंगतीले मागतो."

तिने टोपलीकडे पाहिलं. "टोपलीत नाई टाकत. वेगळे द्या लागतीन."

"वेगळेच घेतो. खिचडीच्या गंजात टाकीन, पूजा झाल्यावर."

तिने रुमालात तांदूळ बांधून दिले. बाकी पाच घरांचेही तिनेच गोळा करून आणले.

दुपारी सारी टोली शीव चालून, वाजतगाजत दगडापाशी जमली. रेतीपलीकडचे लोकही आले, पण लांब, रेतीच्या त्या काठावरच उभे राहिले. पोचूने टोपली ओढली तेव्हा ती हलेना.

"यंदा जड काऊन?"

"सत्तावन्न घरांचे आहेत जी. आन् सहा घरांचे गंजासाठी वेगळे. त्रेसष्ट."

वाजंत्री थांबली. पोचूने टोपलीत हात घातला, मूठभर उचलले, बोटांतून खाली सोडले.

"मी नाई म्हटलं होतं तुले."

"म्हटलं होतं जी."

"मंग पलीकडचे काढ."

मुखरू काही बोलायच्या आत रुखमाबाई पुढे आली. डोक्यावर पदर, आवाज मात्र खणखणीत. "काढा ना भुमकबाबा, तुमीच काढा. एकेक दाणा पाहा कोणाचा होय थो. आमी बसतो इथी. रोवणी दिवाळीले करू."

आधी एक बाई हसली, मग चार हसल्या, मग सगळेच. पोचूच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. तो हसला असं कोणी म्हणणार नाही. मग त्याने विचारलं, "थे सहा घरवाले पूजेले येतात?"

"नाई जी. जेवाले येतात."

"जेवाले येतात ना? मंग झालं."

तो दगडापुढे बसला. फार वेळ बसला. पुटपुटत होता, मधेच थांबत होता, ऐकल्यासारखं करत होता. ऊन कलायला लागलं. मग काठी टेकून उठला. नारळ त्याच्या हातात तसाच होता, न फोडलेला.

"देवाले विचारलं," तो म्हणाला. "थो म्हणते, मी इथीच बसतो. माहं वय झालं. तुमी चाला पुढं."

आणि तो रेतीत उतरला. धनराजने पळत येऊन त्याचा हात धरला, कारण रेतीत काठी रुतत होती. नव्या नाल्याच्या काठावर निशाण रोवलं, नारळ फुटला. तिथेच तीन दगडांची चूल मांडली, सहा घरांचा तांदूळ रुमालातून गंजात पडला, आणि त्रेसष्ट घरांची पंगत बसली. खिचडी खाली लागली होती. सत्यशीलाबाईची लेकरं करपलेलं खरवडून मागत होती.

दहा दिवसांनी तहसीलच्या बाई आल्या. त्यांनी मुखरूला काही विचारलं नाही, पोचूला विचारलं. पोचू म्हणाला, "चाला," आणि त्यांना सगळी शीव फिरवून आणली, नव्या नाल्यापर्यंत. बाईंनी काळी पडलेली चूल पाहिली, निशाण पाहिलं, दोन्हीकडच्या बायांशी बोलल्या. जाताना मात्र मुखरूसमोर थांबल्या.

"आधीचा पंचनामा चुकीचा होता, असं लेखी द्याल? नाही म्हटलंत तरी चालेल. दिलंत तर तुमच्यावर कारवाई होऊ शकते."

"देतो जी," मुखरू म्हणाला.

भादव्यात अंतिम सूचना आली. बावीस घरं कोसमघाटच्या नगरपंचायतीत आली. मुखरूने भोंगा लावला आणि सायकल रेतीतून ढकलत पलीकडे नेली. बॅटरी कमी होती, आवाज चिरकत होता, तरी त्याने सगळे गट नंबर वाचले. धनराज म्हणाला, "काका, ऐकू येते, एवढं ओरडू नका," आणि सायकल मागून धरली.

त्याच आठवड्यात मुखरूच्या नावाने नोटीस आली. पंचनाम्यात चुकीची हद्द दाखवल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, सात दिवसांत खुलासा करावा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटिसा वाटणाऱ्या माणसाने स्वतःची नोटीस स्वतःच्याच सहीने घेतली.

खुलासा लिहायला तो सत्यशीलाबाईकडे गेला. मसुदा त्याने तयार करून आणला होता, ऑफिसातल्या जुन्या खुलाशांवरून. "सदर चूक माझ्याकडून अनवधानाने झाली आहे, तरी माफी असावी."

तिने वाचला. पेन हातात घेतलं, पण लिहिलं नाही.

"भाऊ, अनवधानानं म्हणजे काय?"

"ध्यान नव्हतं असं."

"ध्यान नव्हतं? रोज व्हॉल्व्ह सोडाले तुमी आमच्याच दारावरून जाता. बारशाले आले होते. माह्या सासऱ्याच्या मयतीले खांदा दिला." ती ओरडत नव्हती. "तुमची नोकरी वाचावी असं मलेही वाटते. म्हणाल तं हेच लिहून देते, अक्षर चांगलं काढते. पण तुमी सांगा."

बाहेर तिची पोरगी बकरीला पाला दाखवत होती. मुखरूने कागद परत घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग 'अनवधानाने' वर रेघ मारली. वर जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं: पलीकडची बावीस घरे मला दिसत होती. तरी मी ती सोडली.

"असं लिहिलं तं काढतीन मले?"

"नाई सांगता येत, भाऊ."

"बरं," तो म्हणाला. "मंग आता चांगल्या अक्षरात लिहून द्या."

सत्यशीलाबाईने कोरा कागद घेतला, समास सोडला, आणि वर तारीख घातली.